सबनिसांच्या भिंतीपलीकडची गिटार

धारवाडच्या आमच्या सप्तापुरात एखादी बातमी सकाळी दुधाच्या पिशवीबरोबर निघाली, की आंघोळी उरकायच्या आत माझ्या ओसरीवर येते, आणि माझ्याकडून निघाली की दिवेलागणीला जुन्या हुबळीत पोचलेली असते. मधल्या बसगाड्यासुद्धा इतक्या वेळेवर धावत नाहीत. तर गेल्या जूनमध्ये जी बातमी आली, ती ऐकून मी हातातली बशी खाली ठेवली. राघवेंद्र सबनिसाच्या घरात बाई आली.

"बाई म्हणजे?" मी विचारलं.

"बाई म्हणजे बाई की हो काका," शेजारची वैशाली म्हणाली. "तिशीची असेल. रिक्षातून उतरली, हातात ही एवढी काळी पेटी. आणि रघूअण्णा दारात उभे. इस्त्रीचा शर्ट घालून!"

इस्त्रीचा शर्ट म्हटल्यावर मला चपला पायात सरकवाव्याच लागल्या.

रघू माझा शाळेपासूनचा मित्र. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात केली. अर्ध्या धारवाडाची भांडणं त्यानं वायरीवरून ऐकली असतील, पण त्यातलं एकही मला कधी सांगितलं नाही. एवढा एक दोष सोडला तर माणूस सोन्यासारखा. टेलिफोन हे त्याचं पोटाचं काम. जिवाचं काम तंबोरा. गवई पुढे बसतो, त्याच्या पाठीमागे जो डोळे मिटून तारा छेडत असतो, आणि ज्याचं नाव निवेदक अगदी शेवटी, लोक चपला शोधत असताना घेतो, तो आमचा रघू. धारवाडात गाणाऱ्यांना तोटा नाही, त्यामुळे मागे बसणाऱ्यालाही बोलावणी असायची. जुन्या बैठकींचे फोटो बघा. गवयाचा हात वर गेलेला, तबलजी मान डोलावतोय, आणि गवयाच्या खांद्यामागून एक कान डोकावतोय. तो कान रघूचा.

"आधार कार्डावरसुद्धा तू कानाचाच फोटो लावायला हवा होतास," मी म्हणायचो.

"सुम्मन कूड," तो म्हणायचा. गप्प बस. मराठीतून सांगितलं तर मी बसत नाही, हे त्याला ठाऊक आहे.

लग्न झालं नाही. का, त्याच्या सप्तापुरात पाच-सहा कथा आहेत, त्यातल्या दोन माझ्याच. पण खरी एकच, आणि तिला मी साक्षी आहे. कलघटगीला मुलगी बघायला गेलो होतो. पोहे आले, मुलगी आली, मुलीचे वडील पीकपाण्याचं बोलू लागले. रघूची नजर कोपऱ्यातल्या तंबोऱ्यावर. उठला, गवसणी काढली, तार छेडली आणि म्हणाला, "ह्याची जवारी गेलीय." आणि मांडी ठोकून बसलाच.

जवारी म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. तंबोऱ्याची तार घोडीवर नुसती टेकून भागत नाही. घोडीच्या पाठीला घासून, न घासल्यासारखी ती जायला हवी. मध्ये सुती दोऱ्याचा एक तुकडा सरकवायचा, केसभर इकडे, केसभर तिकडे. जागा सापडली की तार भुंग्यासारखी गुणगुणायला लागते. जवारी नसलेला तंबोरा म्हणजे तोंडात पान भरून बोलणारा माणूस. तर रघू दोरा सरकवत बसला. मुलगी बशा घेऊन आत गेली, परत आली, पुन्हा आत गेली. आम्ही निघताना वडिलांनी दारात विचारलं, "मग? काय ठरवलंत?" रघू म्हणाला, "पंचम जरा नाजूक आहे, सांभाळा. बाकी उत्तम."

मुलगी पुढे गदगला दिली, असं कळलं. चांगलं झालं म्हणे तिचं.

मग काही वर्षांनी ती विजेवरची पेटी निघाली. बटण दाबलं की तंबोरा सुरू. पुढे तीही फोनमध्ये शिरली. गवयांचं तरी काय चुकलं? पेटीला गाडीभाडं नको, चहा नको, ऐन आलापीत ती शिंकत नाही. रघूला कोणी वाकडा शब्द बोललं नाही. फक्त बोलावणी थांबली. त्याच्या मागच्या खोलीत दोन तंबोरे गवसण्या घालून कोपऱ्यात उभे, भिंतीकडे तोंड करून रुसलेल्या माणसांसारखे. दुपारी खानावळीत भाकरी खायला जायचा तेव्हा भिंतीकडच्या टेबलावर बसायचा. म्हणजे समोर कोणी येऊन बसायला नको. आणि कोणी बसतही नव्हतं. मी रोज जातो त्याच्याकडे, पण मी म्हणजे सोबत नव्हे. मी म्हणजे आकाशवाणी.

"पुढच्या दोन खोल्या भाड्यानं दे," असं मी किती वर्षं त्याच्या कानीकपाळी ओरडत होतो. शेवटी त्यानं दिल्या, आणि त्या ह्या बाईला. स्मृती तिचं नाव. बेळगावची, इथल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला आलेली. नेमणूक तात्पुरती, घराचा करार अकरा महिन्यांचा. आणि त्या काळ्या पेटीत निघाली गिटार. लालभडक. तीही विजेवरची.

"विजेनं मला एकदा खाल्लंय," रघू म्हणाला. "आता ती घरात राहायलाच आली."

पण मजा अशी, की स्मृती गिटार वाजवायची ती कानाला हेडफोन लावून. वाद्यातून वायर निघते, छोट्या डबीत जाते, डबीतून तिच्या कानात. तिथं काय वादळ उठत असेल ते तिलाच ठाऊक. आपल्याला ऐकू येतं ते नुसतं टिक, टिक, टिक, कोणी पत्र्याच्या डब्यात तांदूळ टाकल्यासारखं. संध्याकाळी कॉलेजातून आली, चहा झाला, की भिंतीपलीकडे तांदूळ पडायला लागायचे.

पहिल्याच महिन्यात रघूची आरामखुर्ची खिडकीतून उठून त्या भिंतीला लागली.

"खुर्ची का रे हलवली?"

"तिकडं ऊन येतं."

"ऊन? जुलैत? धारवाडात?"

"सुम्मन कूड, वेंक्या."

मी बसलो. आणि माझ्या लक्षात आलं, की रघू श्रावणातल्या कथेला बसावं तसा त्या टिकटिकीला बसलाय. डोळे मिटून. मांडीवर उजव्या हाताची बोटं हलतायत.

थोड्या दिवसांनी तो मला म्हणाला, "हिचं वाद्य उतरत नाही."

"म्हणजे?"

"अरे, महिना झाला. उकाडा झाला, पाऊस झाला. माझे तंबोरे रोज उतरतात. हिची एक तारसुद्धा हलली नाही. वाद्य आहे की सरकारी कुलूप?"

त्यानं हे तिला जिन्याजवळ, कपडे वाळत घालताना, धीर करून विचारलं. ती हसली. म्हणाली, "कुलूपच आहे, अण्णा." मग वाद्य बाहेर आणून दाखवलं. मानेच्या टोकाशी तीन छोट्या लोखंडी पट्ट्या, स्क्रूनं आवळलेल्या. सूर लावून झाले की त्या आवळायच्या. मग खुंट्या कितीही फिरवा, तार ऐकत नाही. आणि खाली जी घोडी असते ती लाकडाला चिकटवलेली नाहीच. ती दोन खांबांवर नुसती टेकलेली, तरंगती. पुढून तारा ओढतात, मागे पोटात बसवलेल्या स्प्रिंगा ओढतात, आणि मधल्या मध्ये घोडी उभी. शेजारी एक दांडी; ती दाबली की घोडी पुढे झुकते, सगळे सूर एकदम खाली कोसळतात, आणि सोडली की परत जागेवर.

"कोसळून परत जागेवर येतात?" रघूनं विचारलं.

"हो."

"रोज?"

"कितीही वेळा, अण्णा."

तो मला हे असं सांगत होता, की मला वाटलं, आता हा तिच्या वाद्यालाच नमस्कार करणार. त्या दिवसापासून मॅडमची स्मृती झाली. जिन्याजवळ दोन-दोन मिनिटं बोलणं व्हायचं. गुरुवारी ती त्याच्या दाराशी चकल्या ठेवायची, तो तिच्या दाराशी कढीपत्ता. बस्स, एवढंच. पण मी खानावळवाल्याकडून ऐकलं, की अण्णा हल्ली रस्त्याकडच्या टेबलावर बसतात.

मार्चमध्ये घोळ झाला. तिनं हुबळीच्या एका दुकानातून तारा बदलून आणल्या. नव्या तारा जाड निघाल्या. जाड तारांनी जास्त ओढलं, घोडी पुढे उचलली गेली, आणि तारा मानेवरच्या धातूच्या पडद्यांपासून इतक्या उंच झाल्या की दाबताना बोटं कापायची. दुकानदार म्हणाला, ह्याचं काम इथं होत नाही, बेंगळुरूला पाठवावं लागेल. तिच्या दोन बोटांना पट्ट्या. भिंतीपलीकडचे तांदूळ बंद.

आणि करार मे महिन्यात संपत होता. पुढं राहणार का नाही, ती बोलली नव्हती. रघूनं विचारलं नव्हतं. त्याला झोप लागत नव्हती ती ह्यापायी.

"विचार की, गाढवा," मी म्हटलं. "स्मृती, पुढच्या वर्षी राहणार का? जीभ झिजते?"

"तसं विचारलं तर तिला वाटेल, जा म्हणतोय."

"मग राहा म्हण."

"राहा कसं म्हणायचं? मी कोण तिचा?"

ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे उत्तर नसणं ही सप्तापुरात बातमी आहे, पण ती मी कोणाला दिली नाही.

मग रघूनंच मार्ग काढला. तिला म्हणाला, तार आणि घोडी ह्यांचं मला थोडं कळतं. आपण दोघं बसून बघू या का? ती एकदम खूश. रविवार ठरला. आणि शनिवारी हा माझ्याकडे.

"तूही ये. दारात खुर्ची टाकून बस."

"मी कशाला?"

"एकटी मुलगी, मी एकटा. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे मीच की रे!"

"म्हणून तर ये म्हणतोय."

तर अशा रीतीनं मी साक्षीदार. पुढच्या खोलीत सतरंजी, सतरंजीवर उशी, उशीवर ती लाल गिटार आडवी, पेशंटसारखी. रघूनं आल्या आल्या खांबाला एलन-की लावली. एलन-की म्हणजे ती वाकडी, सहाकोनी किल्ली.

"अण्णा, थांबा थांबा!" स्मृतीनं त्याचा हात धरला. "आधी कुलूप सोडायचं. मग खुंट्यांनी तारा सैल. मगच खांबाला हात."

"का? थोडंसंच तर फिरवायचंय."

"घोडीची इथं धार आहे बघा, सुरीसारखी. ती ह्या खांबाच्या खाचेत टेकते. तारा ताणलेल्या असताना खांब फिरवला, तर धार घासली जाते. मग घोडी झुकल्यावर परत नेमकी जागेवर येत नाही."

"हं. म्हणजे माणसासारखंच," मी दारातून म्हटलं.

"तू बाहेर बघ," रघू म्हणाला.

पट्ट्या सुटल्या. तारा उतरल्या. मग जाड तारांकडचा खांब थोडा उजवीकडे, बारीक तारांकडचा थोडा उजवीकडे. घोडी खाली बसायला लागली. बाराव्या पडद्यापाशी स्मृती आपला बसचा पास तारेखाली सरकवून बघायची. "अजून. अजून. बास, अण्णा, बास." मग पुन्हा सूर लावायचे. आणि इथं खरी गंमत. घोडी तरंगती, त्यामुळे एक तार चढवली की घोडी पुढे झुकते आणि बाकीच्या पाच उतरतात. पहिलीपासून सहावीपर्यंत लावून परत पहिलीपाशी यावं, तर ती गेलेलीच.

"हे काय अविभक्त कुटुंब आहे होय?" रघू म्हणाला. "एकीला चढवलं की पाच जणी रुसल्या!"

स्मृती इतकी हसली की तिच्या हातातला पास पडला. तिच्याकडे फोनमध्ये सूर दाखवणारा काटा होता. रघूनं तो उलटा ठेवायला लावला. "सूर बघायचा नसतो, बाळ." फेरी फेरीनं सूर जवळ येत गेले. तो तार छेडायचा, कान गिटारीला टेकवायचा, "हं" म्हणायचा, ती खुंटी फिरवायची. मी त्याला इतक्या वर्षांत गवयामागे बसलेला पाहिला. पण कोणाच्या समोर बसलेला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

सूर लागले. तीन पट्ट्या आवळल्या. तेवढ्यात तिचा फोन वाजला. नाव बघून ती उठली आणि गच्चीवर गेली.

ती गेल्यावर रघूनं एकेक तार छेडली. स्वच्छ आवाज. त्यानं नकारार्थी मान हलवली.

"काय झालं? उत्तम लागलीय की."

"मुकी आहे," तो म्हणाला. "स्वच्छ आहे आणि मुकी आहे. जवारीच नाही."

"अरे, गिटारीला कसली जवारी!"

पण तोपर्यंत त्याच्या शर्टाच्या खिशातून सुती दोरा निघाला होता. खिशात दोरा घेऊन फिरणारा माणूस धारवाडातच सापडायचा. त्यानं दोऱ्याचा तुकडा तारेखाली सरकवला, तार घुसमटली. काढला. थोडा विचार केला. मग एलन-की उचलली आणि तारा ताणलेल्या असतानाच दोन्ही खांबांना एकेक हलका पिळा दिला.

"रघ्या, ती नको म्हणाली होती!"

"केसभर. केसभरानं काय होतंय?"

तारा आणखी खाली आल्या, पडद्यांना घासायला लागल्या. त्यानं घोडीवरच्या बारीक स्क्रूंनी सूर सांभाळले आणि छेडलं. आणि खरं सांगतो, खोली भरली. सगळ्या तारा पडद्यांवरून खरखरत, गुणगुणत बोलायला लागल्या. माझा कानही धारवाडचाच. मलाही ते गोड वाटलं. रघूच्या डोळ्यांत पाणी.

"आता ऐकू येईल," तो म्हणाला.

"कोणाला?"

तो भिंतीकडे बघत होता.

स्मृती परत आली. चेहरा जरा उतरलेला, पण त्यानं गिटार पुढे केल्यावर हसली. हेडफोन लावले, वाजवलं. एक सूर, दुसरा सूर. तिची भुवई किंचित हलली. मग तिनं रघूकडे पाहिलं, त्याचे ओले डोळे पाहिले.

"छान झालीय, अण्णा," ती म्हणाली.

भिंतीपलीकडून मात्र त्या संध्याकाळी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रघू खुर्चीत बसून राहायचा, अंधार पडला तरी. मी विषय काढला तर म्हणायचा, "परीक्षा आल्यात. पेपर तपासत असेल." खानावळीत पुन्हा भिंतीकडच्या टेबलावर गेला.

मला स्मृती बाजारात भेटली, मेथीच्या जुड्या निवडताना. मी सरळ विचारलं.

"काका, कशी वाजवू?" ती म्हणाली. "प्रत्येक सूर पडद्यावर आपटतो. तार जरा ओढली की आवाज बाटलीत कोंडलेल्या माशीसारखा होतो. आणि दांडी दाबून सोडली की सूर पुरता वर येत नाही, जरासा खाली राहतो. त्यांनी ताण असताना खांब फिरवला. धार घासलीय."

"मग सांग की त्याला."

"कसं सांगू? तुम्ही पाहिलंत ना त्यांना? तुम्हीही सांगू नका, काका. शपथ."

मी शपथ घेतली. माझ्या शपथेची किंमत ह्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. ती बेळगावची, तिला ठाऊक नव्हती. पण ह्या वेळी मी खरंच प्रयत्न केला. संध्याकाळी रघूकडे गेलो नाही. तर रघूच माझ्याकडे आला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माझी ओसरी चढून.

"तिची तब्येत बरी नाही का रे? तुला सगळं कळतं. वाजत का नाही?"

मला एखादी थाप मारायला हवी होती. थापांचं मला वावडं नाही. पण तो असा उभा होता, की माझ्या तोंडून खरंच बाहेर पडलं.

"तुझ्या जवारीनं तिचं वाद्य बंद पडलंय, रघ्या. तिला ती नको होती. तुला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही."

त्यानं खिशातला दोरा चाचपला. मग "हौद?" एवढंच म्हणाला. खरंच? आणि उत्तर न ऐकता उतरून गेला. मी मागोमाग गेलो. साक्षीदार नको का?

तो आपल्या खोलीत गेला नाही. तिचं दार वाजवलं. तिनं उघडल्यावर म्हणाला, "वाद्य आण. मी केलंय ते मोडायचंय."

स्मृतीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी खुर्ची न मागता उंबऱ्यावरच बसलो. तिनं काही नाकारलं नाही. पुन्हा सतरंजी, पुन्हा उशी. पुन्हा तीन पट्ट्या सोडल्या. तारा उतरताना रघू म्हणाला, खाली बघत,

"मला पलीकडे ऐकू यायला हवं होतं. म्हणून केलं. तुझ्या वाद्यात काही कमी नव्हतं."

"मला कळलं होतं, अण्णा."

"धार बघू." त्यानं घोडीची कड बोटानं चाचपली. तिथं एक चकचकीत ओरखडा होता. "हे माझं काम."

"चालतं हो. वाजेल ती."

"परत नीट जागेवर यायची नाही ना पण?"

"जवळपास येईल."

त्यानं खांब डावीकडे फिरवले. घोडी वर आली. तिनं पास सरकवला, मान हलवली. मग सूर लावायला बसले. पहिली फेरी चालू होती, सहावी लागली होती, पाचवीवर तिचा हात होता. रघूनं एकदम, आवाज न बदलता, इतके दिवस म्हणाला नव्हता ते म्हटलं.

"स्मृती, पुढच्या वर्षीही राहा इथं."

तिचा हात खुंटीवर थांबला.

"अण्णा," ती म्हणाली, "त्या रविवारी फोन आला ना, तो मैसूरचा होता. तिथं कायमची जागा मिळालीय मला. मी हो म्हणून बसलेय." थोडं थांबून म्हणाली, "तुम्हाला सांगायला रोज येत होते. दारापर्यंत येऊन परत जायचे."

मी उंबऱ्यावर बसलो होतो. अशा जागी काहीतरी चेष्टेचं बोलून टाकणं हा माझा जन्माचा धंदा. मी उंबऱ्याची कड नखानं खरवडत राहिलो.

"कायमची म्हणजे चांगलंच झालं की," रघू म्हणाला. "मैसूरची हवा चांगली."

"हो."

आता ह्यापुढे कोणीही उठून गेलं असतं. तोही गेला असता. मी त्याला ओळखतो. पण गिटार दोघांच्या मध्ये अर्धी लागलेली होती. दोन तारा ताणलेल्या, चार सैल, आणि स्प्रिंगांनी घोडी मागे खेचून पोटात बसवलेली. असं वाद्य खाली ठेवता येत नाही. सहाही तारांचा ताण सारखा होईपर्यंत ती घोडी आपल्या पायांवर उभीच राहत नाही.

"पाचवी," रघू म्हणाला.

तिनं नाक पुसलं आणि खुंटी फिरवली.

"चढव. चढव. हं. चौथी."

चौथी लागली, तोवर सहावी उतरली. तिसरी लागली, तेव्हा पाचवी. पहिलीपर्यंत आले आणि पुन्हा सहावीपासून सुरू केलं. कोणी घाई केली नाही. फक्त आकडे आणि "हं". बाहेर कॉलेजची पोरं मोटरसायकली घेऊन गेली, वैशालीनं आपल्या नवऱ्याला काहीतरी सुनावलं, ते मला स्पष्ट ऐकू आलं, आणि मी चक्क ते लक्षात ठेवलं नाही. खोलीत अंधारून आलं. दिव्याचं बटण माझ्या डोक्यावरच होतं, पण हात वर गेला नाही.

हळूहळू घोडी सपाट झाली. सहा तारा एकदम छेडल्या तरी एकीनंही तोंड वाकडं केलं नाही. माझ्या कानाला सगळं लागलेलं होतं. स्मृतीच्या कानालाही लागलं असावं, कारण तिनं एलन-की उचलून पट्ट्या आवळण्यासाठी त्याच्यापुढे धरली.

रघूनं ती घेतली. पट्टीच्या स्क्रूला लावली. मग काढून सतरंजीवर ठेवली.

"सहावी जरा उतरलीय," तो म्हणाला. "आणखी एक फेरी घेऊ."

स्मृतीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. फोनचा काटा तिच्या गुडघ्याजवळ उलटा पडला होता. तिनं तो सुलटा केला नाही.

"घेऊ की, अण्णा," ती म्हणाली, आणि सहावी तार छेडली.